खाण बंद होताना : कोकणातील सडे आणि जमीन परत करण्याचे आराखडे

रत्नागिरी जिल्ह्यात दगडी कोळसा सापडत नाही. चंद्रपूर, वणी किंवा उमरेडच्या खुल्या कोळसा खाणींभोवती उभे राहिलेले मातीचे कृत्रिम डोंगर त्यामुळे येथे पाहावयास मिळत नाहीत. येथील खाणकामाने डोंगर वाढत नाही, त्याचा माथाच काही मीटरने खाली जातो. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील सड्यांवर, उंबरशेत-रोवले परिसरात, बॉक्साईटसाठी असेच खाणकाम झाले. जांभ्या दगडाच्या चिरेखाणी तर जिल्हाभर विखुरलेल्या आहेत. कोळसा असो वा बॉक्साईट, खनिज काढून झाल्यावर जमीन कोणत्या अवस्थेत परत मिळणार, हा प्रश्न कायदा दोन्हीकडे विचारतो. त्याचे उत्तर खाणमालकाने आधीच लिहून द्यावयाचे असते. या लेखी उत्तराला सरकारी भाषेत खाण बंद करण्याचा आराखडा किंवा समापन आराखडा म्हणतात. तो कोण तपासतो, कशाच्या आधारे मान्य करतो आणि कोकणात ही तपासणी नेमकी कोठे कमी पडते, हे पाहण्यासारखे आहे.

सडा म्हणजे काय

आराखड्याकडे वळण्यापूर्वी ज्या जमिनीबद्दल तो लिहिला जातो ती समजून घेणे आवश्यक आहे. सडा हा महसुली दप्तरात बहुधा पोटखराबा किंवा वरकस म्हणून नोंदलेला असतो. उन्हाळ्यात तो काळा, तापलेला, निरुपयोगी कातळ दिसतो. खाणीच्या अर्जात 'पडीक जमीन' हा शब्द इतक्या सहजपणे येतो त्याचे कारण हेच. प्रत्यक्षात जांभा हा सच्छिद्र खडक आहे. पावसाचे पाणी त्यातून व त्याच्या भेगांतून खाली झिरपते आणि जांभ्याखालच्या चिकट, पांढुरक्या मातीच्या थरावर अडते. तेथून ते आडवे सरकत सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरी, पऱ्ये, सुपारीच्या बागा आणि भातखाचरे या पाण्यावर उभी आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागणाऱ्या या जिल्ह्यात पाणी धरून ठेवणारा थर किती मोलाचा, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

बॉक्साईट नेमके याच थराचा भाग असते. उष्ण आणि पावसाळी हवामानात खडकातील विरघळणारी द्रव्ये लक्षावधी वर्षे धुपून गेली व ॲल्युमिनियम मागे राहिले, ते हे खनिज. ते वरच्या कठीण कवचाखाली भिंगाच्या आकाराच्या पट्ट्यांत, फार खोल नसते, म्हणूनच ते उघड्या खाणीने काढणे स्वस्त पडते. परंतु ते काढताना पाणी मुरवणारा थरच उचलला जातो आणि खाली पाणी न मुरू देणारी माती उघडी पडते. पावसाळ्यात ती माती वाहू लागते आणि खालच्या खाचरांत तांबूस गाळ साचतो. या घडामोडीत 'वर झाडे लावणे' ही गोष्ट कितपत उपयोगाची, हा पुढचा प्रश्न आहे.

सड्यावर फारशी माती नसते, पण म्हणून तेथे जीव नसतो असेही नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सीतेची आसवे, गेंद यांसारख्या वनस्पतींचे गालिचे येथे उमलतात. दीपकाडीची कोकणी जात तर जगात फक्त याच पट्ट्यातील सड्यांवर आढळते. शिवाय कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, जांभरुण येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कातळावर कोरलेला हत्ती खाण संपल्यावर पूर्ववत करता येत नाही, त्यामुळे अशा जागेचा विचार आराखड्यात नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, खाणपट्टा आखतानाच व्हावयास हवा.

आराखडा कायद्यात कसा आला

खनिजे काढण्याचा मूळ कायदा १९५७ चा. त्याखालील खनिज संवर्धन व विकास नियम १९८८ मध्ये आले. त्यांत जमीन सावरण्याचा उल्लेख होता, पण तो मोघम होता. १० एप्रिल २००३ रोजी या नियमांत दुरुस्ती होऊन दोन प्रकारचे आराखडे बंधनकारक झाले. पहिला टप्प्याटप्प्याचा, म्हणजे खाण चालू असतानाच दर पाच वर्षांत किती जमीन खणणार, किती भरणार, वरची माती कोठे साठवणार, याचा. दुसरा अंतिम, खाण बंद करण्यापूर्वी एक वर्ष सादर करावयाचा. २०१७ मध्ये जुन्या नियमांच्या जागी नवे नियम आले, तेव्हा हीच चौकट कायम राहिली. हे आराखडे मान्य करण्याचा अधिकार प्रमुख खनिजांच्या बाबतीत नागपूर येथे मुख्यालय असलेल्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्स या केंद्रीय संस्थेकडे आहे. काम आराखड्याप्रमाणे झाले असे ब्युरोचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पट्टाधारकाला खाण सोडून जाता येत नाही.

दरवर्षी १ जुलैपूर्वी खाणपट्टाधारकाने जमीन सावरण्याच्या कामाचा अहवाल द्यावयाचा असतो. आराखड्यापासून फारकत झाली असेल तर तिची कारणेही द्यावयाची असतात. २०२१ च्या दुरुस्तीने यात आणखी एक गोष्ट जोडली. ज्या खाणीचा पट्टा ५० हेक्टर किंवा त्याहून मोठा आहे, अथवा जेथे वर्षाला दहा लाख टन वा त्याहून अधिक उत्खनन करण्याचे नियोजन आहे, तेथे दरवर्षी ड्रोनने घेतलेली छायाचित्रे देणे आवश्यक झाले, आणि तीही पट्ट्याच्या हद्दीबाहेरच्या १०० मीटरपर्यंतच्या जमिनीसह. लहान खाणींनी उपग्रहाची चित्रे द्यावयाची. कागदावर भरलेला खड्डा प्रत्यक्षात भरला आहे की नाही, हे आता कार्यालयात बसूनही कळू शकते.

याच्या जोडीला पर्यावरण खात्याची स्वतंत्र वाट आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणीला पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते आणि त्या मंजुरीच्या अटींत जमीन सावरण्याच्या अटीही असतात. या अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबरला, सादर करावयाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात आणखी एक अट घालण्यास सांगितले: खाणकाम थांबल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवले पाहिजे आणि चारा, वनस्पती व प्राणिजीवन यांना ती योग्य झाली पाहिजे. न्यायालयाने येथे झाडांऐवजी गवताचा शब्द योजला. सड्यांच्या प्रदेशासाठी तो अधिक नेमका आहे.

तपासणीत काय पाहावे

आराखड्यांचा एक ठरावीक साचा असतो. नकाशे, छेद, खणलेले क्षेत्र, भरलेले क्षेत्र, रोपांची संख्या, जगलेल्या रोपांची टक्केवारी. हा साचा देशभर एकच आहे आणि तो जंगलाच्या किंवा खोल मातीच्या जमिनी डोळ्यांसमोर ठेवून घडला आहे. सड्यावर मात्र वरच्या मातीचा थर बोटभर असतो. 'वरची माती वेगळी साठवून नंतर पसरण्यात येईल' हे वाक्य प्रत्येक आराखड्यात असते. पण मुळात माती किती घनमीटर निघणार आणि खाणीच्या तळावर ती किती सेंटिमीटर जाडीने पसरणार, हा साधा हिशेब मागितला तर पुष्कळ गोष्टी उघड होतात. माती पुरत नाही. ती बाहेरून आणावयाची तर कोणाच्या तरी डोंगराची आणावी लागते.

दुसरी गोष्ट भरावाची. खनिज ट्रकांतून निघून जाते, त्यामुळे उरलेल्या टाकाऊ दगडमातीने खड्डा पूर्वीच्या पातळीपर्यंत भरणे शक्यच नसते. म्हणून भरल्यानंतरची पातळी किती, उतार कोणत्या दिशेला आणि पाणी कोणत्या पऱ्यात जाणार, हे छेदांत दाखवलेले हवे. पूर्वी सड्याच्या चारही बाजूंना झिरपणारे पाणी खाणीनंतर एकाच बाजूने वाहू लागले, तर एका वाडीचा झरा आटतो आणि दुसऱ्या वाडीच्या शेतात गाळ जातो. हे टाळण्यासाठी खाण सुरू होण्यापूर्वीच आजूबाजूच्या झऱ्यांची व विहिरींची नोंद हवी, तीही पावसाळ्यातली नव्हे तर एप्रिल-मेमधली. ही नोंद नसेल तर पंधरा वर्षांनी 'झरा आधीच कमी होता' असे म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही. आमच्या मते कोकणातील आराखड्याची खरी कसोटी हीच आहे आणि नेमकी हीच गोष्ट साच्यात सर्वांत कमी जागा व्यापते.

झाडांचे प्रकरण निराळे. ऑस्ट्रेलियन बाभूळ उघड्या मातीत भराभर वाढते, हिरवी दिसते आणि छायाचित्रात उठून दिसते. गोव्यातील खाणींच्या डंपांवर ती मोठ्या प्रमाणावर लावली गेली. उतार धरून ठेवण्यास तिचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्याखाली गवत फारसे येत नाही आणि गुरांना ती चालत नाही. कातळावर झाडे जगवण्याची विद्या कोकणी शेतकऱ्याला नवी नाही. सुरुंगाने कातळात खड्डा काढायचा, दुसरीकडची माती आणून तो भरायचा, भोवती गडगा घालायचा आणि हापूसचे कलम लावायचे, या पद्धतीने रोजगार हमीशी जोडलेल्या १९९० च्या फळबाग योजनेनंतर कित्येक सडे हिरवे झाले. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. असे असताना खाणीच्या आराखड्यात मात्र काजू, हापूस किंवा चाऱ्याच्या गवताऐवजी बाहेरची ठरावीक रोपे का दिसावीत, हा प्रश्न तपासणाऱ्याने विचारण्यासारखा आहे.

राहिला तो खड्ड्यातील पाण्याचा मुद्दा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. उरलेला खड्डा 'जलसाठा म्हणून विकसित करण्यात येईल' हे वाक्य वाचताना सुखद वाटते. टंचाईग्रस्त गावाला तर ते मोठे आमिषच असते. पण डोंगराच्या अंगावर, वस्तीच्या वरच्या बाजूला साठलेले पाणी हे धरणच असते आणि त्याची कड ही धरणाची भिंत असते. फरक इतकाच, की ही भिंत कोणा अभियंत्याने धरण म्हणून बांधलेली नसते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे येथे हे दिसून आले. १९८१ पर्यंत हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. येथील लोहखनिजाच्या खाणीला २००९ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. गावाचा विरोध त्या आधीपासूनच होता. २९ जुलै २०२१ रोजी, मुसळधार पावसाच्या दिवसांत, या खाणीच्या खड्ड्यात साचलेले पाणी कड फोडून बाहेर पडले आणि चिखलासह खालच्या घरांत व बागायतीत शिरले. म्हणूनच आराखड्यात 'जलसाठा' हा शब्द आला की त्याच्या कडांची मजबुती, अतिवृष्टीत जादा पाणी सोडण्याचा मार्ग आणि खाणमालक गेल्यावर देखभाल कोण करणार त्याचे नाव, या तीन गोष्टी लेखी मागितल्याच पाहिजेत. ग्रामपंचायतीकडे 'हस्तांतर' हे उत्तर पुरेसे नाही. अशा भिंतीची निगा राखण्याइतका पैसा कोकणातील ग्रामपंचायतीकडे कोठून येणार?

पैशांची हमी

आराखडा न पाळल्यास काय, याचे उत्तर आर्थिक हमीत आहे. खाणमालक पळून गेला किंवा दिवाळखोर झाला तर सरकारला त्या रकमेतून काम करून घेता यावे, ही कल्पना. २००३ मध्ये ही हमी मोठ्या, यांत्रिक म्हणजे 'अ' वर्गाच्या खाणींसाठी हेक्टरी २५ हजार रुपये आणि 'ब' वर्गासाठी १५ हजार रुपये होती. २०१७ मध्ये ती अनुक्रमे तीन लाख व दोन लाख झाली आणि २०२१ मध्ये पाच लाख व तीन लाख. प्रत्यक्ष वापरात आलेले क्षेत्र ४० हेक्टर असलेली 'अ' वर्गातील खाण धरली, तर २००३ च्या दराने हमी भरते दहा लाख रुपये, आणि २०२१ च्या दराने दोन कोटी. अठरा वर्षांत वीसपट, असे म्हणता येईल. पण आधीच्या चौदा वर्षांत ज्या खाणी खणल्या गेल्या त्यांची जमीन दहा लाखांत सावरता येणार नव्हती, हे उघड होते. जप्तीची भीती नसली की आराखडा शोभेचा राहतो.

येथे कोळशाची तुलना उद्बोधक ठरते. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये समापन आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती २०१३ मध्ये सुधारली. त्यांनुसार खुल्या खाणीसाठी २००९ च्या किमतींनी हेक्टरी सहा लाख रुपये, दरवर्षी वाढत्या क्रमाने, कोळसा नियंत्रकासोबतच्या एस्क्रो खात्यात प्रत्यक्ष जमा करावे लागत. दर पाच वर्षांनी काम तपासले जाई, आणि झालेल्या कामापोटी जमा रकमेच्या ८० टक्क्यांपर्यंत पैसे परत मिळू शकत. उरलेले अखेरच्या समापनानंतर. म्हणजे त्याच काळात विदर्भातील कोळशाच्या एका हेक्टरमागे जेवढी रक्कम ठेवली जात होती, तिचा चोविसावा भागच कोकणातील बॉक्साईटच्या मोठ्या खाणीमागे पुरेसा मानला गेला. शिवाय एक खात्यातले पैसे, दुसरी बहुधा बँकेची हमी. कोळसा खाणींची जमीन नीट सावरली गेली आहे, असा याचा अर्थ नव्हे. तेथील डोंगर अजून उभेच आहेत. परंतु काम दाखवा आणि पैसे न्या, ही पद्धत तपासणाऱ्याच्या हाती काहीतरी देते.

गावाचा शिरकाव कोठे

आराखडा तांत्रिक कागद असला तरी गावाला त्यात बोलण्याची जागा आहे. पर्यावरणीय मंजुरीपूर्वी जनसुनावणी होते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील दैनिकात यावी लागते आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद वगैरे ठिकाणी ठेवावा लागतो. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी घेतो, नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळ ठेवते. कोकणात अडचण वेगळीच असते. सड्याच्या सातबारावर वीस-तीस सामाईक खातेदार असतात आणि त्यांतले निम्मे मुंबईत. गणपती किंवा शिमग्याला गाव भरते. सुनावणी मात्र एखाद्या मंगळवारी अकरा वाजता असते. खाणपट्ट्याने सरकार खनिज देते, जमीन खातेदाराचीच राहते. म्हणून खाणीनंतर जी जमीन 'परत' येणार ती याच सामाईक खातेदारांना. ती कोणत्या रूपात हवी, कलमे लावण्याजोगी की चराईची, हे त्यांनी सुनावणीत लेखी द्यावयास हवे. तोंडी विरोध नोंदीत एका ओळीत संपतो. नकाशावरील झऱ्याच्या खुणेसह दिलेल्या पत्राला उत्तर द्यावे लागते.

मंजुरीनंतरचे सहामाही पालन अहवाल हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि मंजूर समापन आराखडा माहितीच्या अधिकारात मागता येतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की काय ठरले होते आणि काय झाले हे कळते. यासाठी तज्ज्ञ लागत नाही, चिकाटी लागते.

बंदी आली तर

१६ ऑगस्ट २०१० रोजी केंद्राने रत्नागिरी व सिंधुदुर्गात खाणींसह काही प्रकल्पांच्या नव्या मंजुऱ्या स्थगित केल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये सर्वांत संवेदनशील क्षेत्रातील चालू खाणीही २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात असे सुचवले. २०१३ च्या कस्तुरीरंगन गटाने मर्यादित क्षेत्रात पाच वर्षांची मुदत सुचवली. तिच्या आधारे निघालेल्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. वादाचा सगळा भर खाणी चालू राहाव्यात की नाहीत यावर राहिला. पाच वर्षांत खाणी बंद करावयाच्या तर तितके अंतिम आराखडे एकाच वेळी तपासावे लागतील, यावर कोणी फारसे बोलले नाही. गोव्यात २०१२ आणि २०१८ मध्ये खाणकाम एकाएकी थांबले, तेव्हा खड्ड्यांतील पाण्याचे काय करावयाचे हा प्रश्न मागे राहिला होता.

चिरेखाणी

वर सांगितलेली सारी यंत्रणा बॉक्साईट किंवा लोहखनिजासारख्या प्रमुख खनिजांची आहे. जांभा हे १० फेब्रुवारी २०१५ पासून गौण खनिजांत मोडते आणि त्याचे नियम राज्याचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांखालील गौण खनिजांच्या खाणींनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. २०१६ मध्ये त्यासाठी जिल्हास्तरीय प्राधिकरणे नेमली गेली. २०१८ मध्ये हरित न्यायाधिकरणाने त्या व्यवस्थेवर आक्षेप घेतला आणि काम पुन्हा राज्यस्तरावर गेले. पाच हेक्टरांच्या आतल्या एकट्या खाणीला जनसुनावणी लागत नाही. परस्परांपासून ५०० मीटरांच्या आत असलेल्या खाणींचा समूह म्हणून एकत्र विचार करावा, असा नियम आहे. पण तो लागू करावयाचा तर कोणाची चिरेखाण कोठे आहे याचा एकच नकाशा समोर हवा.

व्यवहारात ब्रासच्या हिशेबाने स्वामित्वधन भरले जाते, चिरे निघतात, आणि सरळ उभ्या भिंतींचा चौकोनी खड्डा तसाच राहतो. काही शेतकरी तो मातीने भरून त्यात कलमे लावतात. बाकीच्यांत पावसाळ्यात पाणी साचते आणि कठडा नसल्याने गुरे व मुले यांना धोका निर्माण होतो. बॉक्साईटच्या खाणीला निदान पाच वर्षांनी कोणीतरी विचारतो. चिरेखाणीच्या बाबतीत परवान्याची मुदत संपली की सरकारी दप्तरात ती संपते. त्या वेळी खड्ड्याची खोली मोजून घेण्याचे आणि तो भरल्याशिवाय पुढचा परवाना न देण्याचे काम तालुका पातळीवरच होऊ शकते. तलाठ्याच्या पंचनाम्यात त्यासाठी दोन रकाने वाढवावे लागतील.